वच्छले, तुझी शेवटची चार पानं

वच्छले, परवा तुझी तेरवी झाली. तुझ्या माहेरची माणसं तुमसरहून आली होती, गणपतरावांच्या पाळीतले लोक ड्यूटी संपवून तसेच आले होते, आणि जेवताना सगळे तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलत होते. बाई कष्टाळू होती. बाई कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे ऐकून मला पंगतीतच हसू फुटायचं राहिलं. तू सगळ्यांच्या अध्यातही होतीस आणि मध्यातही, आणि वर ते छापून विकत होतीस. पण गेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात, म्हणून मी वरणभात गिळला.

मी तुझ्यावर रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. रडणं झालं. ते चारचौघींत झालं आणि तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘पुरे वो, नाक पूस.’ राग मात्र चारचौघींत काढता येत नाही. नवऱ्याजवळ बोलले तर ते म्हणाले, ‘मेलेल्या बाईवर कावून रागावून राहिली?’ म्हणून इथे, कोहक्यात, तुझ्याच ओसरीत बसून तुलाच सांगते आहे. समोर तुझी पायानं चालवायची छपाईची ट्रेडल मशीन आहे. तिच्यावर फडकं टाकलंय, आणि फडक्यावर पोलादाच्या कारखान्याकडून येणारी लाल धूळ बसली आहे.

आठवतं का, मी पहिल्यांदा आले ती माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका छापायला. दुर्ग शहरातल्या छापखान्यांत सगळे हिंदीचे खिळे, त्यांच्याकडे आपला ळ नव्हता, म्हणून चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या कोणीतरी तुझं नाव सांगितलं. कोहक्यात एक बाई आहे म्हणे, नवरा कारखान्यात आणि बाई छापते. मी आले तेव्हा तू पदर खोचून एका ठेकेदाराची बिलबुकं छापत होतीस. पत्रिकेच्या मजकुरासोबत माझ्या कवितांचे कागद मी तिथेच विसरले. मुद्दाम विसरले, हे तू ओळखलंस, कारण मी परत आले तेव्हा तू पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून आधी कवितांचं बोललीस.

‘यातल्या अर्ध्या कविता तुमच्या नाईत वो. शाळेतल्या हायेत. तुमाले पाठ झाल्या म्हून तुमच्या वाटते.’

मला इतका राग आला की पत्रिका तशाच उचलून निघाले. तू मागून म्हणालीस, ‘अन् राहिलेल्या अर्ध्या आपण छापू.’

अशी आपली ‘ओसरी’ सुरू झाली. नाव द्यायला फार डोकं लागलं नाही. ओसरीत मशीन होती, म्हणून ओसरी प्रकाशन. माझ्या कविता आधी छापल्या. मग कारखान्याच्या कॉलनीतल्या शाळेच्या गुरुजींचे निबंध छापले, भंडाऱ्याकडची शेती सोडून भट्टीवर आलेल्या माणसांबद्दलचे. मग कथांचा एक छोटा संग्रह. प्रती फार नसायच्या. माझे हे मालगाडीचे गार्ड. त्यांच्या ब्रेकव्हॅनमधून पुस्तकं गोंदियाला, तुमसरला जायची, आणि कधी कधी तिकडून पैशांऐवजी तांदळाची पिशवी यायची. तुला त्याचं काही वाटायचं नाही. कवितेच्या बदल्यात तांदूळ आला म्हणजे कवितेत दम आहे, असं तुझं म्हणणं होतं.

तुझ्या काकासासऱ्याचा छापखाना बुडाला आणि त्याची मशीन गणपतरावांच्या वाट्याला आली, तेव्हा ते स्वतःच छापणार होते. पण कारखान्यात नोकरी लागली आणि ते तिकडे गेले. तू खिळे जुळवायला त्यांच्याकडूनच शिकलीस आणि महिन्याभरात त्यांच्या पुढे गेलीस. फक्त खिळे फार थोडे होते. चार पानं जुळवली की कप्पे रिकामे. मग त्या चार पानांच्या लागतील तेवढ्या प्रती छापायच्या, बांधलेल्या पानांचा फर्मा सोडायचा, एकेक खिळा परत आपापल्या कप्प्यात टाकायचा, आणि तेच खिळे घेऊन पुढची चार पानं जुळवायची. आपल्या सगळ्या पुस्तकांचं असंच झालं. चार पानं मागे गेली की गेली. गुरुजींना एकदा चौदाव्या पानावरचं एक वाक्य बदलायचं होतं. तू त्यांना कोपऱ्यातला छापील कागदांचा ढीग दाखवलास आणि म्हणालीस, ‘बदला, गुरुजी. एकेक कागद घ्या अन् हातानं बदला.’

गुरुजी हात जोडून निघून गेले.

आम्हा सगळ्यांजवळ निदान हस्तलिखित होतं. तू कादंबरी लिहायला घेतलीस ती थेट खिळ्यांत. मी म्हटलं, आधी कागदावर लिही, वाचू, खोडू, मग जुळव. तू म्हणालीस, ‘आंदी कागद काळा करू अन् मंग हात काळे करू? दोनदा कायले करू? घरात स्वयंपाक बी हाय.’ आणि तू खिळे जुळवायची स्टिक हातात घेऊन उभी राहायचीस, कप्प्यांवरून बोटं फिरायची आणि वाक्य शिशात उभं राहायचं. तुझ्या कादंबरीचा एकही कागद कुठे नाही. चार पानं जुळवायची, छापायची, मोडायची. पुढे काय होणार हे तुलाही ठाऊक नव्हतं. नावसुद्धा ठेवलं नव्हतंस. कव्हर शेवटी छापायचं असतं, तेव्हा सुचेल, म्हणायचीस.

मी आठवड्यातून एकदा चरोद्याहून यायची, प्रूफ मोठ्यानं वाचायची, आणि तू चुका काढायचीस. पहिली पानं वाचताना आपण किती हसलो होतो. तुझ्यासारखीच एक बाई, नवऱ्याच्या मागे नव्या कारखान्याच्या गावी आलेली, एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहते. म्हातारीचं शेत कॉलनीत गेलेलं. अंगणात विहीर. बाईला तिथली भाषा येत नाही, म्हातारीला हिची येत नाही, आणि दोघी दिवसभर एकमेकींना शिव्या देतात आणि एकमेकींचे पापड वाळत घालतात. म्हातारी म्हणजे तुझी घरमालकीण दाई, हे सांगायला नकोच. ती ओसरीच्या पायरीवर बसून आपलंच वाचन ऐकायची आणि एक शब्द न कळता माना डोलवायची.

मग ती पानं आली ज्यात म्हातारी विहिरीचं पाणी प्यायचं सोडते. हेही खरंच घडलेलं. दाईनं एक दिवस आपली पाण्याची गुंडी उचलली आणि लांबच्या तलावावर जायला लागली. तू विचारलंस तर म्हणाली, ‘ये कुआँ के पानी अब नइ मिठावय.’ आता हे पाणी गोड लागत नाही, एवढंच. तिलाही त्याहून जास्त काही सांगता येत नव्हतं. पण गणपतरावांना वाटलं, तिनं आपल्याला हिणवलं. परक्या मुलखातले लोक विहिरीला हात लावतात, म्हणून बुढी दुसरीकडे जाते. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

‘आमी बाटवली का विहीर?’ ते म्हणाले. ‘आता तर मी इथलंच पाणी पिईन. वच्छला, तू बी तिच्या मांगं तलावावर गेली तर पाय.’

तू स्टिक उचललीस. पुढच्या चार पानांत तुझ्या बाईचा नवरा हेच बोलला, शब्दाला शब्द. आणि बाई, म्हातारीला दाखवायला, विहिरीवर उभी राहून गडूभर पाणी गटागट प्यायली. ते वाचताना मी म्हटलं, ‘वा, अशी पाहिजे बाई!’ तू हसली नाहीस. तू म्हणालीस, ‘पुढं वाच.’

तिथून ती कादंबरी मला वाचवेना. वच्छले, तू काहीतरी भयंकर आणत होतीस आणि ते कुठून येतंय हे दिसत नव्हतं. घरामागे खंदक खणला गेला. वरच्या अंगाला मजुरांच्या झोपड्या वाढत गेल्या, आज चार, उद्या चौदा. शेजारचं एक कुटुंब गावाला गेलं ते परत आलं नाही. कुत्री विहिरीजवळ जाईनात. यातलं एकेक खरं होतं, मी येता-जाता पाहिलेलं होतं, पण तुझ्या पानांत ते एका रांगेत उभं राहिलं की मी पान खाली ठेवायची. संध्याकाळी कारखान्यात भट्टीतली तापलेली मळी ओतली की आभाळ लाल व्हायचं आणि कागदावर तो लाल उजेड पडायचा. मी म्हणायची, दिवा लाव. तू म्हणायचीस, ‘दिसून राहिलं ना, वाच.’

मग बाईच्या तोंडाची चव गेली. फोडणीच्या वासानं तिला मळमळायला लागलं. अंगाला खाज सुटली. मी म्हटलं, काय हे ओंगळ लिहितेस, दिवस गेलेत की काय तिला? तू म्हणालीस, ‘नाई.’ पुढच्या खेपेला बाई खाटेला लागली होती, आणि मी वाचायचं थांबवून तुझ्याशी भांडले. ते आपलं मोठं भांडण. गणपतराव आत जेवत होते, दाई पायरीवर होती.

‘तू हिला मारायला निघाली आहेस,’ मी म्हटलं.

‘मी नाई मारून राहिली.’

‘मग कोण? खिळे तुझ्या हातात आहेत. उठव तिला. औषध दे, वैद्य आण, काहीही कर. लोक कष्टाच्या पैशांनी पुस्तक घेतात. त्यांच्या घरात असं मरण धाडू नकोस.’

तू कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट केलंस. ‘थे पानं छापून झाले, मालती. त्यात तिनं पाणी पेलं. सगळ्या प्रतींत पेलं. आता तिले पाणी न पेलेली कशी करू?’

‘पाणी पिऊन कोणी मरतं का?’

तू माझ्याकडे पाहिलंस. वच्छले, तेव्हाच तुझ्या डोळ्यांत पिवळेपणा होता का? मी आठवून आठवून थकले. तुझे हात शाईनं काळे, चेहऱ्यावर धूळ, लाल उजेड. माणसाचा रंग कळायचा कसा त्या ओसरीत? तू एवढंच म्हणालीस, ‘मी ह्यायले सांगतलं होतं, पाणी बदलून राहिलं म्हून. कोणाले आयकाचंच नाई.’ मला वाटलं, तू कादंबरीतल्या बाईचंच बोलते आहेस. तुझी सवय होती ती, पात्राच्या तोंडून बोलायची. मी म्हटलं, ‘तिच्या नवऱ्यानं ऐकलं नाही तर तिनं सरळ तलावावर जावं.’ तू म्हणालीस, ‘तुले सोपं हाय. तुया घरी रेल्वेचा नळ हाय.’

यावर मी रुसून निघून गेले.

आता समजतं का मी का रागावले आहे? तुझं तोंड कडू झालं, तुला खाज सुटली, तुला अन्न नको झालं, आणि हे तू मला सांगितलं नाहीस. तू ते जुळवलंस, छापलंस आणि मलाच मोठ्यानं वाचायला लावलंस. मी तुझी मैत्रीण होते, प्रूफ वाचणारी बाई नव्हते. निदान एकदा बाजूला घेऊन म्हणायचंस, मालती, मले बरं नाई. मी तुला ओढत नेलं असतं दवाखान्यात. गणपतरावांशी कडाकडा भांडले असते. पण तुझा मानीपणा त्यांच्या मानीपणापेक्षा कमी नव्हता. तुम्ही दोघं नवराबायको एका विहिरीवरून एकमेकांना हरवत बसलात.

कावीळ आहे हे दुर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं तोवर तू पिवळीधमक झाली होतीस. उसाचा रस झाला, गळ्यात काविळीची माळ झाली, कोणी झाडपाल्याचा काढा आणला. कशाला गुण येईना. तुझी खाट ओसरीत मशीनजवळ आणली होती, कारण आत तुझा जीव रमत नव्हता. मी आले तेव्हा दुपार होती. शेवटच्या चार पानांतली तीन जुळवून झाली होती. ती तू कशी जुळवलीस देव जाणे. चौथं पान अर्धं होतं.

तू म्हणालीस, ‘मी सांगतो, तू जुळव.’

मला जुळवणी नीट येत नाही हे तुला माहीत होतं. मी एकेक अक्षर शोधत होते आणि तू डोळे मिटून कुठला खिळा कुठल्या कप्प्यात ते सांगत होतीस. मध्येच म्हणालीस, ‘अशानं तर मी पयले मरीन.’ आणि हसलीस. मीही हसले, काय करणार. मग तू शेवटचं वाक्य सांगितलंस.

‘लिव. तिची राख थंड झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्यांनी त्याच विहिरीतून पाणी काढलं.’

माझ्या हातून ते जुळवलं जाईना, वच्छले. तू समोर खाटेवर पडलेली, आणि मी राख हा शब्द शिशात उभा करायचा? मी जुळवलं: ‘ती बरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच विहिरीतून पाणी काढलं.’ तुला काय कळणार, तू तर डोळे मिटून पडली आहेस, असं मला वाटलं. तू हात पुढे केलास. मी स्टिक दिली. उलटी अक्षरं तू सुलट्यापेक्षा लवकर वाचायचीस, हे मी विसरलेच होते.

‘बरी झाली का?’ तू म्हणालीस.

‘हो.’

‘अन् पाणी बी काढलं?’

‘काढलं.’

‘त्याच विहिरीतून.’

‘तुझंच वाक्य आहे ते, मी काही केलं नाही त्यात.’

तू बराच वेळ ओळीवरून अंगठा फिरवत राहिलीस. मग स्टिक माझ्या हातात परत दिलीस. ‘पाण्याचं राहू दे,’ तू म्हणालीस. ‘तेवढं खरं हाय. बाकी तुले जे पाहिजे थे कर, मी दमली.’

मला वाटलं, भांडण मी जिंकले. मी उत्साहानं फर्मा बांधला. चरोद्याला परत जाताना गाडीत मला खरंच वाटत होतं की आता तूही बरी होशील. असं वाटणं मूर्खपणाचं होतं, पण इतके दिवस तू लिहायचीस तसं घडत होतं. मग मी लिहिलेलंही एकदा घडू दे, अशी माझी मागणी होती. तीन दिवसांनी ह्यांनी स्टेशनवरून निरोप आणला. मी चुलीवरचं भांडंसुद्धा उतरवलं नाही, तशीच निघाले.

आज सकाळी मी आले ती गणपतरावांनी बोलावलं म्हणून. सगळे खिळे तुझ्या चार पानांत अडकले आहेत आणि दारात लग्नपत्रिकांची गिऱ्हाइकं उभी आहेत. मला वाटलं, ते म्हणतील, फर्मा सोडून टाका. पण त्यांनी तो वाचला होता.

‘मालतीबाई,’ ते म्हणाले, ‘मी बी उलटं वाचू शकतो. तिनं शेवट गोड केला. मले वाटलं नव्हतं. मी रोज येतो अन् तेवढी एक ओळ वाचतो. आजच छापून टाकू. थे बाई तरी वाचली.’

वच्छले, त्यांच्यावरचा माझा सगळा राग तिथे ओसरला. एवढा मोठा माणूस, ओळीवर बोट ठेवून उभा होता. ते वाक्य तुझं नाही, माझं आहे, हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं आणि मी गिळलं. म्हटलं, एवढ्यानं या माणसाला झोप लागत असेल तर लागू दे. तू गेलीस, तुझी कादंबरी कोण तपासायला बसलंय?

मग त्यांनी चहा केला. स्वतःसाठी केला नाही. म्हणाले, ‘मले नको, दोन दिवसांपासून चहाचा वासच नको वाटते.’ आणि हाताची खाज खाजवत ते बोलत राहिले.

मी त्यांना उजेडात यायला सांगितलं. ते हसले, काय पाहता म्हणाले. मी त्यांचे डोळे पाहिले.

कप माझ्या हातात तसाच होता, अर्धा प्यायलेला. तेव्हा कुठे मला तुझं वाक्य ऐकू आलं. इतके दिवस मी त्यातली राख तेवढी ऐकत होते. मला वाटत होतं, तू तुझं मरण लिहिते आहेस आणि मला तुला वाचवायचं आहे. तुला तुझ्या मरणाचं काही सांगायचंच नव्हतं. तू पुढचं सांगत होतीस, घरातल्यांचं. आणि मी काय केलं? मी त्या बाईला बरं केलं आणि सकाळी उठवून त्याच विहिरीवर पाठवलं. परवा तुझ्या तेरवीला सगळ्या पंगतीचा स्वयंपाक त्या पाण्यात शिजला. तुझ्या माहेरची माणसं तो जेवून तुमसरला गेली. गाडीत डबा सोबत दिला होता त्यांना.

गणपतराव म्हणत होते, दुपारची ड्यूटी आहे. मी म्हटलं, ड्यूटी गेली खड्ड्यात. शेजारच्या माणसाला उठवून रिक्षा आणली आणि त्यांना कारखान्याच्या दवाखान्यात पाठवलं. बसताना ते घाबरले होते. म्हणाले, ‘पाणी गाळून घेत होतो आमी.’ मी म्हटलं, ‘डॉक्टरला सांगा, विहिरीचं पितो. पहिलं तेच सांगा.’ तुमसरला निरोप ह्यांच्या हाती आज संध्याकाळच्या गाडीनं जाईल.

मग मी फर्मा सोडला. मला फक्त थोडेच खिळे बदलायचे होते, बाकीचं वाक्य तुझंच होतं. ‘ती बरी झाली’ काढलं आणि कप्प्यात टाकलं. ‘तिची राख थंड झाली’ एकेक खिळा शोधून जुळवलं. ‘तिनं’ काढून ‘घरातल्यांनी’ घातलं. भांडण तू जिंकलीस, वच्छले. मला हरायचं नव्हतं. तू असतीस तर मी अजून भांडले असते, तुझ्या दारात बसून भांडले असते.

गणपतराव परत आले की ते ही ओळ वाचतील. ते आले तर मी समोर उभी राहून सांगेन की गोड शेवट माझा होता. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

पण कोहक्यात मराठी वाचणारे किती? पुस्तक शिवून होईल, गोंदियाला जाईल, कोणी तांदूळ पाठवेल, आणि इथे रोज सकाळी बायका रांगेनं गुंड्या भरत राहतील. म्हणून मी आतून विळी आणली आणि रहाटाचा दोर कापला. जाड होता, वेळ लागला. दोर आत पडला तेव्हा खाली पाणी वाजलं.

तेवढ्यात बायका आल्याच. कमरेवर गुंड्या, पुढे शेजारची ती मोठ्या आवाजाची. ‘डोरी ला काबर काट देस ओ?’ ती ओरडली. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोण तू, कुठली, चरोद्याची बाई आमच्या विहिरीचा दोर कापते? मी डॉक्टर, कावीळ, झोपड्या, खंदकातून विहिरीत झिरपणारी घाण असं काय काय माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. एकीनंही ऐकलं नाही. एक जण दुसरा दोर आणायला वळलीसुद्धा.

तेव्हा मी म्हटलं, ‘वच्छला बोल के गई है. मरते टाइम बोली. इस कुएँ का पानी मत भरना.’

त्या थांबल्या. दोर आणायला निघालेली परत आली. मोठ्या आवाजाची बाई विहिरीकडे बघत राहिली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. जिवंत होतीस तेव्हा तू हेच म्हणालीस, नवऱ्याला म्हणालीस, मला म्हणालीस, चार-चार पानं करून सगळ्यांना म्हणालीस. आज मेलेल्या बाईचा शब्द म्हणून एकीनंही तो मोडला नाही.

दाई पायरीवरून उठली आणि तलावाच्या वाटेला लागली. बाकीच्या रिकाम्या गुंड्या घेऊन तिच्या मागे गेल्या.